हळदीची नावे आणि पेटंटचा शोध

(कारेगाव येथे लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आजीच्या मसाल्याच्या डब्यातील चिमूटभर हळद म्हणे नवा शोध! तेथील परीक्षकाच्या नावाने बोटे मोडून मात्र भागत नाही. त्याच्यापुढील साहित्यात हा उपयोग त्याला आढळला नव्हता. आपल्या वैद्यकग्रंथांत हळद 'हरिद्रा' म्हणून येते, 'निशा' आणि 'रजनी' म्हणून येते, 'कांचनी' म्हणूनही येते. निशा म्हणजे रात्र एवढेच ज्याला ठाऊक, त्याच्या हाती श्लोक पडला तरी औषध गवसणार नाही.

गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत प्राचीन ग्रंथांतील उतारे होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने पेटंटातील दावे फेटाळले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय प्रकल्प सुरू झाला. संस्कृत, तमिळ, अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतील योग त्याने इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत परीक्षकांपुढे नेले. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पूर्वी साऱ्या वनस्पतिजन्य औषधांना मिळून जवळजवळ एकच खण होता. २००६ पासून तेथे सुमारे दोनशे उपगट झाले आणि हळदीच्या कुळाला स्वतःचा क्रमांक मिळाला.

आता हळदीवरून कांद्याकडे येऊ, कारण शिरूर तालुक्यात तो अधिक जवळचा. समजा, येथील एखाद्या तरुणाने कांद्याची पात आणि मुळे छाटणारे यंत्र बनवले. पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी तो 'ओनियन कटर' असा शोध घेतो. समोर येतात स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि चिरण्या! आपले यंत्र जगात पहिलेच, अशा समजुतीने तो कर्ज काढतो. परंतु परदेशी कारागिराने त्याच कामाला 'टॉपिंग' म्हटलेले असते, कांद्याला 'बल्ब' म्हटलेले असते. वर्गीकरणातील 'ए-२३-एन १५/०८' हा खण कांद्याबरोबर फुलझाडांच्या कंदांसाठीही आहे. ट्यूलिपचे कंद सोलणाऱ्या यंत्रात आपल्या यंत्राचा भाऊ दडला असेल, हे कोणाच्या ध्यानात येणार?

शिवाय पेटंट लिहिणारे वकील मुद्दाम व्यापक भाषा वापरतात. कारखान्यात ज्याला आपण बोल्ट म्हणतो तो तेथे 'फास्टनिंग मीन्स' असतो. पाइप 'कंड्यूट' होतो, स्प्रिंग 'रेझिलिअंट मेंबर'. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे काढलेला फिटरही ती भाषा पहिल्या वाचनात ओळखणार नाही. म्हणून वस्तूच्या नावाबरोबर ती काय काम करते, कशावर करते आणि कोणती अडचण दूर करते, या तिन्हींचे शब्द कागदावर मांडावेत. प्रत्येकाचे पर्याय लिहावेत. इंग्लंड आणि अमेरिकेतील स्पेलिंगचा फरकही विसरू नये. मग जवळचे एक जरी पेटंट सापडले, तरी त्यावरील वर्गक्रमांक टिपून त्या क्रमांकाने पुन्हा शोधावे. शब्द हुलकावणी देतो, क्रमांक सहसा देत नाही. भारतीय पेटंट कार्यालयाची आणि युरोपीय कार्यालयाची शोधसेवा विनामूल्य आहे.

शोधात आपलेच यंत्र आधी कोणी केलेले दिसले, तर हिरमुसण्याचे कारण नाही. पेटंटची मुदत वीस वर्षांची. मुदत संपलेल्या पेटंटमधील आराखडा कोणीही वापरावा, सुधारावा. आणि ती सुधारणा खरोखर नवी असेल तर तिच्यासाठी अर्ज करता येतो. एक मर्यादा मात्र राहतेच. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. त्याआधीचा अर्ज कोणत्याही शब्दाने सापडत नाही. त्यामुळे अर्ज करून झाल्यावरही वर्ष-दीड वर्षाने तोच शोध पुन्हा एकदा घ्यावा लागतो.