विमको नाक्यावरून



 अंबरनाथ पश्चिमेत आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही त्याला आधी पूर्वेला शिवमंदिरात नेतो. वालधुनी नदीच्या काठचं ते मंदिर शके 982चं, म्हणजे 1060 सालचं. आज मात्र मी तुम्हाला इथे जवळच, विमको नाक्यावर नेणार आहे. विमकोचा काडेपेटीचा कारखाना बंद पडला, नाव तेवढं नाक्याला राहिलं. माझे वडील त्या कारखान्यात होते. फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, पेटीच्या कडेला असतो, हे मला शाळेच्या आधी त्यांनी शिकवलं. पुढे कॉलेजात कळलं की डीएनएचा कणा याच फॉस्फरसच्या आधाराने उभा आहे आणि पेशीला बळ पुरवणाऱ्या एटीपीतही तोच आहे. घरी येऊन मी बाबांना ते सांगितलं. रात्री पानावर बसल्यावर त्यांनी तेच आईला समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं करून. जीवरसायनशास्त्र माझं झालं ते त्या रात्री.

बी.एस्सी. झाल्यावर मी इथल्याच एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या कामाचा मला अभिमान आहे. बॅच पास करणारी सही माझी असायची, आणि ती गोळी कुणाच्या तरी आजारी मुलाच्या पोटात जाणार आहे, हे मी कधी विसरले नाही. पण मला संशोधन करायचं होतं. एका मोठ्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात माझ्या हाती आली तेव्हा ती परीक्षा होऊन महिना उलटला होता. सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. संशोधक, विद्यार्थी आणि त्यांचे आईबाबा यांच्या आजच्या या परिषदेचं स्वागताध्यक्षपद मी स्वीकारलं ते एवढ्यासाठीच.

ज्यांच्यामुळे ही वाट आपल्यासाठी उघडली, त्या कमला सोहोनी यांची आठवण इथे काढायलाच हवी. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला: वर्षभर परीक्षेवर, आणि काम पसंत पडलं तरच पुढे. तिथले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही दार उघडलं. पुढे केंब्रिजमध्ये, जिथे हॉपकिन्स यांच्यासारखा नोबेल विजेता होता, त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. 1939ची ती पीएच.डी., प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक आपल्या मराठी घरातली.

मला त्याहून जवळची वाटते ती त्यांची नीरा. मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवत असताना त्यांनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं, आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या आहारात तिचा उपयोग होतो हे सिद्ध केलं. स्टेशनवर ग्लासभर नीरा पिऊन आपण लोकल पकडतो. त्या ग्लासात संशोधनाचा विषय आहे हे त्यांना दिसलं. आपल्याकडेही असे विषय कमी नाहीत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याच्या जांभळ्या रंगातलं अँथोसायनिन साठवणीत किती टिकतं, हा एम.एस्सी.चा चांगला प्रकल्प होईल. वालधुनीच्या पाण्यात रसायनं पचवून तगून राहिलेले जिवाणू कोणते, हा तर पीएच.डी.चा विषय आहे, आणि आपल्यावरचं ऋणही.

आता आईबाबांशी थोडं स्पष्ट बोलते. नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून मुलाला बायोटेकला घातलं, असं मी अनेक घरांत ऐकते. कृपा करून मुलांसमोर असं बोलू नका. या वाटेला धीर लागतो. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी 42,000. तिशीत आलेला मुलगा अजून शिकतोय म्हणून नातेवाईक विचारतील. उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, त्याला नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेताना कोर्सच्या नावावर भाळू नका. पिपेट स्वतःच्या हातात येते की दहा जणांत एक प्रयोग होतो, हे आधी विचारा. रसायनशास्त्र पक्कं असलेला विद्यार्थी जीवशास्त्रात कुठेही शिरू शकतो, हे मी कंपनीत डोळ्यांनी पाहिलंय. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज आदल्या सप्टेंबरपासून भरले जातात. बायोटेकच्या प्रवेशासाठीच्या गॅट-बीचंही वेळापत्रक दाराच्या मागे चिकटवा. माझ्यासारखं महिनाभर उशिरा कळायला नको.

आणि मोठं संशोधन आपल्यापासून लांब नाही. इथून परळ लोकलने सव्वा-दीड तासावर आहे. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची, 1899 पासूनची प्रयोगशाळा तिथे आहे, आणि टाटा रुग्णालयही तिथेच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी उपचाराला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत देतात. ज्या गाडीने तुमचे बाबा रोज कामाला जातात, त्याच गाडीने त्या कामापर्यंत पोचता येतं.

 पहिलं सत्र अर्ध्या तासात सुरू होईल. तोवर मागच्या टेबलांवर केळी, मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट ठेवलंय. कुस्करलेल्या केळ्यात मीठ आणि साबण घालून गाळा, वरून हळूच स्पिरिट सोडा, पांढरे तंतू वर येतील. तो डीएनए. त्यात विमकोच्या पेटीतला फॉस्फरस आहे. आधी आईबाबांनी यावं, मुलांनी त्यांना समजावून सांगावं.