पार्किंगच्या कोपऱ्यातील सफरचंद
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘पुण्यात कुठे सफरचंद येतं का?’ हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, दूध घेताना, सगळीकडे विचारला गेला आहे. आज त्याचं एकदाच उत्तर देतो.

सुरुवात फजितीने झाली. खाल्लेल्या सफरचंदाच्या बिया मी कुंडीत लावल्या. झाड आलं, पाच वर्षं नुसती पानं! नंतर कळलं की बियांपासून मूळ जातीचं फळ मिळत नाही, कलमच लावावं लागतं. दुसरं असं, की काश्मीर-हिमाचलच्या नेहमीच्या जातींना फुलण्याआधी साधारण हजार तास कडक थंडी लागते, म्हणजे ७ अंशांच्या आसपास किंवा खाली. ती आपल्याकडे कुठून येणार?

पण कमी थंडीवर फळणाऱ्या जाती आहेत. इस्रायलची ‘अ‍ॅना’, बहामाची ‘डॉर्सेट गोल्डन’, आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’. शर्माजींना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अ‍ॅनाला परागीकरणासाठी सोबत लागते, म्हणून मी अ‍ॅना आणि डॉर्सेट अशी दोन कलमं आणली.

मग आली ती वार्षिक सभा! त्या कोपऱ्यात एका गाडीची जागा होत होती. तळमजल्यावरच्या काकांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचं चूक नव्हतं. मी शब्द दिला, ‘तीन वर्षांत फळ नाही आलं, तर झाडं मीच उपटीन.’ ठराव दोन मतांनी पास झाला.

दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेतले. माती, शेणखत, निंबोळी पेंड घातली. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून उंचवटा करून लावली. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं ठेवला. आपल्याकडे पानं आपोआप नीट गळत नाहीत, म्हणून डिसेंबरात पाणी कमी करून पानं हाताने काढायची. जानेवारीत छाटणी, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. फेब्रुवारीत फुलं, आणि फळं पावसाळ्याच्या तोंडावर.

दुसऱ्या वर्षी, ऐन एप्रिलमध्ये, माझी बायपास झाली. महिनाभर मी खाली उतरलो नाही. झाडं गेली असंच धरून चाललो होतो. उतरलो तेव्हा आळी ओली होती, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन होतं. वॉचमन म्हणाला, ‘काका रोज दोन बादल्या घालतात.’ मी आभार मानायला गेलो, तर काका म्हणाले, ‘मत विरोधात दिलं होतं, झाडाच्या जिवावर नव्हतो उठलो.’

तिसऱ्या वर्षी झुपक्याझुपक्याने फळं धरली. प्रत्येक झुपक्यात एकच ठेवायचं, बाकीची लहान असतानाच खुडायची, नाहीतर सगळीच बारकी राहतात. शब्द दिलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने फळं खुडायची, म्हणजे काय होतं ते मलाच ठाऊक! शेवटी अकरा पिकली. रंग पिवळट, एका गालावर लाली, चव आंबटगोड. चोवीस घरांत फोडी वाटल्या. पहिली फोड काकांना. खाऊन म्हणाले, ‘बाजारातली जास्त गोड असतात.’ पण दुसरी फोड मागून घेतली.

काका आज आपल्यात नाहीत. मलाही आता उकिडवं बसवत नाही. म्हणून या व्यासपीठावरून एकच मागणं आहे. येत्या जानेवारीच्या छाटणीला दोन तरुण हात हवेत. कात्री माझ्याकडे आहे, शिकवायला मी आहे. बादल्या काकांच्याच आहेत, वहिनींनी त्या मुद्दाम जिन्याखाली ठेवल्या आहेत.