रेकॉर्डिंग डब्यात ठेवायचं की कॉम्प्युटरमध्ये?

मालिकांची वेळ आणि पोळ्यांची वेळ एकच, हे दुखणं काही नवीन नाही. त्यावर उपाय म्हणून रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घ्यावा, की मुलांचा जुना कॉम्प्युटरच टीव्हीला जोडावा, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं. आम्ही गटात बसून यावर चांगलाच वाद घातला. तोच आज सांगतो.

हा रेकॉर्डिंगचा डबा १९९९ साली अमेरिकेत टिव्हो या नावाने आला. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला. आत हार्ड डिस्क असते. रिमोटवर मालिका एकदा निवडली की डबा रोज आपणहून भाग साठवतो. दारात कोणी आलं तर चालू कार्यक्रम थांबवता येतो. वीज जाऊन आली की डबा स्वतःच सुरू होतो. ज्यांना रिमोटची चारच बटणं माहीत आहेत, त्या आजींनाही हे जमतं. सोयीच्या बाबतीत डब्याला तोड नाही, हे आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलींनीही मान्य केलं.

कॉम्प्युटरचं तसं नाही. त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवायचं, मिथटीव्हीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालायचं, आणि ते बिघडलं की घरातल्या जाणत्या माणसाची वाट बघायची. तो माणूस नेमका तेव्हाच पुण्याला गेलेला असतो! शिवाय ऐंशी वॅटचा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला जवळजवळ दोन युनिट जळतात. डब्यालाही वीज लागते, पण पुष्कळ कमी.

मग कॉम्प्युटर हवाच कशाला? आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचं भजनी मंडळ टीव्हीवर आलं होतं. घरच्यांनी ते डब्यात साठवलं. पुढे डबा बिघडला, कंपनीचा माणूस येऊन दुसरा बसवून गेला आणि भजन जुन्या डब्याबरोबर गेलं. सासूबाई आता नाहीत. त्यांचा आवाज असलेली ती एकच गोष्ट घरात होती.

डिस्क काढून ठेवली असती तरी फारसा उपयोग नव्हता. अशा डब्यातलं रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असतं, ते त्या डब्याशिवाय उघडत नाही. पैसे भरून आपण ते साठवतो खरं, पण ते घराबाहेर काढायची मुभा आपल्याला नसते. आम्हाला हे पटत नाही. कॉम्प्युटरमधली फाइल मात्र पेन ड्राइव्हवर घेता येते, लेकीला पाठवता येते.

इथे एक अडचण आहे, ती दुकानदार सांगत नाही. केबलच्या आणि वर्गणीच्या डिशच्या वाहिन्यांनाही कुलूप असतं, त्यामुळे नुसतं कार्ड लावून त्या दिसत नाहीत. डब्यातून निघणाऱ्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी कार्डाला जोडाव्या लागतात. चित्र थोडं मऊ येतं आणि वाहिनी डब्यावरच बदलावी लागते. डीडी फ्री डिशचं मात्र सोपं आहे. त्याला महिन्याची वर्गणी नाही आणि तिथल्या बिनकुलपाच्या वाहिन्या सॅटेलाइटचं कार्ड थेट पकडतं. फ्री डिशच्या पुष्कळ साध्या डब्यांना पेन ड्राइव्हची खाचही असते. त्यावर रेकॉर्ड केलेली फाइल बरेचदा कॉम्प्युटरवरही चालते. घेताना दुकानातच चालवून बघा.

रोजच्या मालिकेसाठी आम्ही डबाच घ्या म्हणू. खरं तर आता बऱ्याच मालिका मोबाइलवर मागाहून दिसतात, त्यासाठी डब्याचीही गरज उरलेली नाही. पण आपलं गाव, आपलं माणूस टीव्हीवर येणार असेल, तर ते कॉम्प्युटरवर घ्या आणि दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. डब्यात आधीच काही साठवलेलं असेल, तर डबा परत देण्याआधी त्याच तीन वायरींनी उतरवून घ्या. तासाभराच्या कार्यक्रमाला तासच लागतो, तेव्हा कंपनीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलवा.