परिवर्तनाच्या काळात संस्थेचे चारित्र्य
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



जैन दर्शनाने परिवर्तनाला वस्तूचा शत्रू मानलेले नाही. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूचे लक्षण सांगताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिहींना एकत्र स्थान दिले. नवा पर्याय उत्पन्न होतो, जुना लयाला जातो, द्रव्य मात्र टिकून राहते. आचार्य समंतभद्रांनी हेच सोन्याच्या दृष्टांताने समजावले. सुवर्णघट मोडून मुकुट घडविला, तर घट हवा असणारा शोक करतो आणि मुकुट हवा असणारा हर्षित होतो. ज्याची दृष्टी सोन्यावर आहे, तो मात्र समभावात राहतो. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने या दृष्टांतावर अवश्य चिंतन करावे. पन्नास वर्षांत जतन झाले ते सोने की केवळ घट, हा प्रश्न अशाच प्रसंगी विचारावयाचा असतो.

पिंपरी-चिंचवड परिसराने असे किती घट मोडताना पाहिले! श्री मोरया गोसावींच्या समाधीने पावन झालेले चिंचवड हे पवनाकाठचे एक गाव होते. १९२७ साली तेथे श्री जैन विद्या प्रसारक मंडळाचे शिक्षणकार्य सुरू झाले, तेव्हा भोवताली शेतीच होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे भोसरी-आकुर्डीपर्यंत कारखाने उभे राहिले. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. आडतीच्या पेढीवर बसणाऱ्या आजोबांचा नातू आता रात्रपाळी करतो. सायंकाळच्या प्रतिक्रमणाला तो स्थानकात दिसत नाही, म्हणून त्याची श्रद्धा उणावली असे म्हणावे, की त्याच्या सवडीची वेळ संस्थेने शोधावी? येथेच संस्थेच्या चारित्र्याची कसोटी लागते.

या कसोटीचा एक बोलका प्रसंग कोल्हापूरचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, खेडोपाडीच्या जैन मुलांना शिकता यावे या उदात्त हेतूने तेथे जैन बोर्डिंग चालविले जात होते. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील तेथे विद्यार्थी होते. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी त्यांना आज्ञा झाली. भाऊरावांनी ती मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

बोर्डिंग चालविणारी माणसे वाईट नव्हती. समाजाच्या शिक्षणासाठी त्यांनी झिजून काम केले होते. परंतु रूढीच्या पर्यायाला त्यांनी धर्माचे द्रव्य मानले. सोने त्या क्षणी भोजनगृहाच्या दाराबाहेर उभे राहिलेल्या विद्यार्थ्यापाशी होते. पुढे १९१९ मध्ये भाऊरावांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसविले. ज्या दारातून त्यांना बाहेर जावे लागले, त्याविषयीची कटुता त्यांनी कवटाळली नाही. त्याहून रुंद दार उघडणे, हेच त्यांचे उत्तर होते.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, आणि वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्या कार्याचे माहेरघर झाले. ती मुले कोणत्या धर्माची, हा प्रश्न आड आला नाही. संघटनेच्या नावात 'जैन' शब्द कायम राहिला आणि करुणेचा परीघ मात्र विस्तारला. ध्रौव्य आणि परिवर्तन एकत्र नांदतात ते असे.

या दोन प्रसंगांतून विश्वस्त मंडळांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली दाराची. साधर्मिक वात्सल्य हे संघाचे भूषण आहे. परंतु वात्सल्याची भिंत होऊ लागली, तर ते वात्सल्य उरत नाही. दुसरी वहीची. अचौर्य आणि सत्य ही व्रते प्रवचनाच्या पाटावर जितकी शोभतात, तितकीच ती जमाखर्चाच्या वहीत आणि सभेच्या इतिवृत्तात दिसली पाहिजेत. अनेकान्त मानणाऱ्या संस्थेच्या इतिवृत्तात विरोधी मताचीही आदराने नोंद असावी. तिसरी खुर्चीची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की त्याची माहिती नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. कायदा बदलाची नोंद मागू शकतो. बदल प्रसन्न मनाने झाला की नाही, हे तो विचारीत नाही. ते विचारणारे अपरिग्रह व्रत आहे. धनाचा परिग्रह सोडणे कठीण, पदाचा त्याहून कठीण. ज्येष्ठांनी हयातीतच किल्ल्या तरुणांच्या हाती द्याव्यात. तरुणांनीही त्या घेताना, ज्यांनी पैपैची वर्गणी गोळा करून हे कुलूप विकत आणले, त्यांचे स्मरण ठेवावे.

संवत्सरीला संघात प्रत्येक जण 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. संस्थेलाही तसे म्हणता आले पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत कोणी नियमाच्या काठिण्यामुळे दुखावून दूर गेला असेल, तर या महोत्सवाचे निमंत्रण सर्वप्रथम त्याच्या घरी पोहोचावे. आणि ते टपालाने न धाडता ज्येष्ठ विश्वस्ताने स्वतः जाऊन द्यावे. घट मोडेल, मुकुट घडेल, कालांतराने मुकुटही मोडेल. सोन्याचा कस मात्र उतरू नये.

जय जिनेंद्र!