काय काढावे, काय राखावे?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



काही काळापूर्वी एक तरुण माता आमच्याकडे आली. दुसऱ्याच कारणाने पोटाची तपासणी करताना तिच्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडे द्रवाने भरलेली गाठ आढळली होती. घरात दोन तट पडले होते. कोणी म्हणे, "दुखत नाही, तर हात लावू नका", कोणी म्हणे, "सगळेच काढून टाका." दोघांचीही माया खरी, परंतु दोन्ही सल्ल्यांत धोका होता.

स्वादुपिंड जठरामागे आडवे असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. त्याचे डोके ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, कुशीत असते आणि शेपूट प्लीहेपर्यंत, म्हणजे पाणथरीपर्यंत, पोहोचते. पाचकरस आणि इन्सुलिन ही त्याची देणगी होय. ते समूळ काढल्यास जन्मभर इन्सुलिनची टोचणी व पाचकरसाच्या गोळ्या अटळ होतात.

सर्व गाठी सारख्या नसतात. पाण्यासारख्या पातळ द्रवाच्या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. त्यांवर नजर ठेवणे पुष्कळदा पुरते. बुळबुळीत द्रवाच्या काही गाठी मात्र पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. त्यांतील एक प्रकार प्रामुख्याने स्त्रियांतच आढळतो.

१९३५ साली अमेरिकेतील डॉ. ॲलन व्हिपल यांनी डोक्याकडील भागाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने आज चालणाऱ्या शस्त्रक्रियेत डोक्याबरोबर ग्रहणीही जाते. १९७२ साली जर्मनीत डॉ. हान्स बेगर यांनी ग्रहणी राखून रोगट भाग काढण्याची रीत सुरू केली. ती मूळची जुनाट दाहासाठी. पुढे निवडक द्रवगाठींसाठीही ती उपयोगात आली. शेपटाच्या शस्त्रक्रियेत प्लीहा वाचविण्याची एक रीत बोस्टनच्या डॉ. वॉरशॉ यांनी १९८८ साली मांडली. प्लीहा गेल्यास काही तीव्र जंतुसंसर्गांचे भय आयुष्यभर राहते. म्हणून ती राखण्यात मोठे हित आहे.

तथापि राखण्याचा हट्टही नसावा. कर्करोगाची शंका असेल तेथे आसपासच्या ग्रंथींसह पुरेसा भाग काढलाच पाहिजे. शिवाय राखलेल्या भागातून पाचकरस झिरपण्याचा धोका असतो. म्हणून हे काम अनुभवी हातांचेच होय.

त्या भगिनीची गाठ निघाली, प्लीहा राहिली. निदान कळले, तेव्हा तिने आम्हांस एकच प्रश्न विचारला होता: "माझ्यापाशी काय उरेल?" आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आल्यास, घाबरून जाण्यापूर्वी वा दुखणे लपविण्यापूर्वी, हा प्रश्न वैद्यास अवश्य विचारावा, एवढीच आमची विनंती. उत्तम शल्यचिकित्सा काय काढले यावरून जशी ओळखावी, तशीच काय राखले यावरूनही.