जुन्या घराला नवी जोड
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी घरबांधणीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हास संकोच वाटला. आम्ही वास्तुशिल्पज्ञ नव्हे आणि इंजिनिअरही नव्हे. तथापि घर वाढविताना आमच्या हातून एकदा मोठी चूक झाली आणि ती निस्तरताना पुष्कळ शिकावयास मिळाले. ते शिक्षण ज्ञातिबांधवांस फुकट मिळावे, एवढ्याच हेतूने येथे उभे आहोत.

आपल्या कोष्टी समाजात घर आणि कारखाना या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील आपली जुनी घरे आठवून पाहावी. पुढे छपरी, आत माजघर, त्यालगत मागाचा खड्डा, मागे आवार आणि सांदवाडी. ज्या कोशाच्या करवतकाठी साडीला आज भौगोलिक मानांकन लाभले आहे, ती साडी अशाच घरांतून निघाली. म्हणून आपल्या घराला खोली जोडताना ‘किती माणसे झोपतील’ एवढाच हिशेब पुरत नाही; माग कोठे राहील आणि त्यावर उजेड कोठून पडेल, हेही पाहावे लागते. आम्ही नेमके तेच पाहिले नाही.

आमचे मोहाडीचे घर दक्षिणाभिमुख. जागा रुंदीला चोवीस फूट आणि लांबीला त्याच्या चौपट. मातीच्या जाड भिंती, सागाच्या मयाली, वर कवेलू. वडीलबंधू तेथेच राहून माग चालवीत. आम्ही नोकरीनिमित्त नागपुरास होतो. निवृत्तीनंतर गावी परतावयाचे ठरले, तेव्हा एका मिस्त्रीस बोलावून घराच्या मागच्या भिंतीस लागूनच विटांची एक पक्की खोली चढविली. नकाशा नाही, विचारविनिमय नाही. पंधरा दिवसांत भिंती उभ्या राहिल्या म्हणून आम्ही समाधान मानले.

त्या खोलीने काय केले ते ऐकावे. मागच्या भिंतीतील उत्तरेची खिडकी बुजली आणि वडीलबंधूंच्या मागावर अंधार पडला. भर दुपारी दिवा लावून विणावे लागे. कवेलूचा उतार मागे होता. त्याचे पाणी नव्या स्लॅबवर पडून जुन्या भिंतीत मुरू लागले. आणि दोन पावसाळ्यांनंतर जुन्या व नव्या भिंतीच्या सांध्यात बोट जाईल एवढी भेग पडली. वडीलबंधू तोंडाने काही बोलले नाहीत. परंतु घराच्या मधोमध भिंत घालून वाटणी करावी, असा विषय प्रथम निघाला तो त्याच वर्षी.

तेव्हा कोठे आम्ही वास्तुशिल्पज्ञाकडे, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात आर्किटेक्ट म्हणतो त्यांच्याकडे गेलो. आपल्यात असा समज आहे की आर्किटेक्ट हा बंगलेवाल्यांचा माणूस. आपल्या कवेलूच्या घराशी त्याचा काय संबंध? हा समज चुकीचा आहे. नवे घर मोकळ्या जागेवर बांधणे एक वेळ सोपे. जुन्या घराला जोड देणे अवघड, कारण तेथे जुन्याचा स्वभाव सांभाळून नव्याला जागा करावी लागते.

ते गृहस्थ आले आणि त्यांनी पहिला दिवस केवळ मोजमापात घालविला. नव्या खोलीविषयी अवाक्षर नाही. प्रत्येक भिंतीची जाडी, प्रत्येक दाराची उंची, कवेलूचा उतार, विहिरीचे अंतर, शेजाऱ्याच्या भिंतीची हद्द, सर्व कागदावर आले. मग जुन्या भिंतीलगत एक खड्डा खणून त्यांनी पाया दाखविला. तो जेमतेम अडीच फूट खोल आणि खाली चिकण कन्हार माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे आपल्या धानाच्या बांध्यांत आपण दरवर्षी पाहतो. परंतु घराखालीही तेच घडते हे ध्यानात घेत नाही. मातीची जुनी भिंत एका रीतीने हलते, विटांची नवी भिंत दुसऱ्या रीतीने. दोहोंस घट्ट बांधले तर भेग पडणारच. यास्तव अशा जागी दोन बांधकामांमध्ये मुद्दाम मोकळा सांधा ठेवावा लागतो. शिवाय नवा पाया जुन्या पायाच्या खाली जाणार असेल तर लांबच लांब चर एकदम खणू नये. थोडा थोडा भाग खणून भरीत जावे, नाहीतर जुनी भिंतच खाली बसते.

दुसरे दिवशी त्यांनी घरातील सर्वांस ओसरीवर बसविले आणि प्रश्न विचारले. कोण किती वाजता उठते, पाहुणे कधी येतात, ताणा कोठे पसरता, आईंना रात्री किती वेळा उठावे लागते. शेवटी त्यांनी सहज विचारले, “चुली किती धरावयाच्या?” सभाजनहो, त्या प्रश्नावर कोणी बोलेना. आम्ही वडीलबंधूंकडे पाहिले, त्यांनी जमिनीकडे. अखेर ऐंशी वर्षांची आमची आई म्हणाली, “चुली दोन धरा. पण देव एकच राहील, आणि मले दोन्हीकडून हाक ऐकू आली पाहिजे.” आर्किटेक्टांनी हे वाक्य आपल्या वहीत जसेच्या तसे लिहून घेतले. आमच्या घराचा नकाशा खरे म्हणजे तेथेच तयार झाला.

त्यांचा सल्ला कडू होता. आधी बांधलेली खोली पाडावी, असे त्यांनी सांगितले. पैसे गेले, हसेही झाले; परंतु विटा, दारे, खिडक्या जपून काढल्या त्या पुढे उपयोगी पडल्या. जुन्या घराच्या मागे दहा फुटांचा चौक मोकळा सोडला आणि त्यापलीकडे नवा भाग उठविला. दोहोंस जोडणारी एक छपरी. तिच्या काठाशी, चौकाकडे उघडणारी आईची खोली आणि देवघर. चौकामुळे कवेलूच्या पाण्यास वाट मिळाली. ते आता गाळून विहिरीकडे नेले आहे. आणि मुख्य म्हणजे उत्तरेची खिडकी पुन्हा उघडली.

उत्तरेच्या उजेडाचे महत्त्व विणकरास निराळे सांगावयास नको. थेट ऊन न येता दिवसभर सारखा प्रकाश मिळतो. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि रंगाची पारख चुकत नाही. खड्डामागावर विणकर जमिनीसरसा बसतो, म्हणून खिडकीचा उंबरा नेहमीपेक्षा खाली, दोन फुटांवर घेतला. मागावर टिनाचे छप्पर घालण्याचा आमचा विचार त्यांनी मोडून काढला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो; तापलेल्या टिनाखाली हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत धागा तुटतो. कवेलू राहू दिले, फुटके तेवढे बदलले. मातीच्या भिंतींस सिमेंटचा गिलावा करण्यासही त्यांनी मना केले. सिमेंटमागे ओल कोंडते आणि भिंत आतून खचते. मातीस मातीचा किंवा चुन्याचाच हात हवा. नव्या भागात पश्चिमेस जिना, न्हाणीघर व कोठार ठेवले, म्हणजे दुपारचे ऊन त्यांनी सोसावे आणि निजण्याच्या खोल्या निवाव्यात.

यात नवे असे काही नाही. वर्ध्याजवळील सेवाग्रामची बापूकुटी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. ती मुळात मीराबेन यांच्यासाठी उभारलेली. गांधीजी पुढे तेथे राहावयास आल्यावर तिला गरजेपुरते भाग जोडले गेले. माती, बांबू, कवेलू, सर्व आसपासचे. इंग्लंडात 1917 साली जन्मलेले आणि केरळात आयुष्य वेचलेले लॉरी बेकर हे थोर वास्तुशिल्पज्ञ गांधीजींच्या भेटीतून हाच धडा शिकल्याचे सांगत. पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याने घर व्हावे, हा तो धडा. वीट वाचविणाऱ्या त्यांच्या पोकळ भिंती प्रसिद्धच आहेत.

आता व्यवहाराच्या गोष्टी. 1972 च्या कायद्यान्वये वास्तुशिल्पज्ञांच्या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणासही आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. तेव्हा नोंदणीक्रमांक निःसंकोच विचारावा. मेहनताना किती, तो कोणत्या टप्प्यांत द्यावयाचा, ते कामावर किती वेळा येतील, हे कागदावर घ्यावे. नकाशा करणारा आणि ठेका घेणारा हे दोघे भिन्न असावेत, म्हणजे एकाचे काम दुसरा तपासतो. स्लॅब असेल तर लोखंडाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावा. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा बाजूस ठेवावा. जुने घर उघडले की काही ना काही निघतेच.

परवानगीवाचून विटेस हात लावू नये. 1966 च्या नगररचना कायद्याखाली आणि डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे शहरांतील बांधकामास मंजुरी लागते. खेड्यांत ग्रामपंचायतीपासून चौकशी सुरू करावी. वैनगंगेकाठच्या बांधवांनी पूररेषा अवश्य पाहाव्या. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरले, ते कोणी विसरले नसेल. निळ्या रेषेच्या आत घर वाढविणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास लोक कचरतात. घर वडिलांच्या नावे असेल आणि ते दिवंगत झाले असतील, तर आखीव पत्रिकेवर वारसांची नोंद आधी करून घ्यावी. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आमची बहीण तुमसरास दिलेली. तिच्याकडे संमतीपत्र घेऊन गेलो, तेव्हा ती म्हणाली, “दादा, सही करते. पण माहेरी उतरायला माझी म्हणून एक खोली नकाशात दाखवा, मगच.” आम्ही शरमलो. तोवर केलेल्या एकाही आराखड्यात तिचा विचार झाला नव्हता. आर्किटेक्टांनी जिन्याच्या माथ्यावर एक लहान खोली काढली आणि नकाशावर तिचे नाव घातले. त्या कागदावर मग तिघा भावंडांच्या सह्या झाल्या.

आज चुली दोन आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु घराच्या मध्ये भिंत पडली नाही, तेथे चौक आहे. सकाळी धोट्याचा आवाज नव्या भागात ऐकू येतो, आणि आईची हाक दोन्हीकडे. खोली बांधण्यापूर्वी जे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो, ते एका परक्या माणसाच्या प्रश्नांमुळे बोललो. त्या मेहनतान्यात आम्हास याहून अधिक काही मिळाले असे वाटत नाही.

आपल्यापैकी जे कोणी यंदा घरास हात घालणार असतील, त्यांना एवढीच विनंती की मिस्त्रीस बोलावण्यापूर्वी घरातील सर्वांस, सासुरवाशिणी आणि माहेरवाशिणींसह, एकदा ओसरीवर बसवावे.