रोजच्या रस्त्याचा टायर

श्रोतेहो, जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडून इंजिन न्याहाळतो, दार दोनदा आपटून बघतो आणि जाता जाता टायरला एक लाथ मारतो. टायरची परीक्षा तेवढ्यावर संपते. खरं तर गाडी जमिनीला टेकते ती फक्त टायरवर. आणि एका टायरची टेकलेली जागा किती? बोटं पसरलेल्या पंजाएवढी, फार तर थोडी जास्त. अठरा-वीस क्विंटलचं धूड आणि आत बसलेली आपली माणसं, हा सगळा भार अशा चार पंजांवर असतो.

कविता लिहिणारा माणूस टायरवर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण बी.ए. झाल्यावर पतपेढीत नोकरी लागेपर्यंत सहा वर्षं मी चिपळुणात टायरच्या दुकानात वही लिहायला बसत होतो. कुणाचा टायर कशानं फाटला, कुणाचा एका बाजूनं झिजला, कुणी गोटा झालेल्या टायरवर अजून एक पावसाळा काढायचं ठरवलं, हे रोज डोळ्यांसमोर असायचं. ती ओळख अजून सुटलेली नाही. म्हणूनच घरात कुणी गाडी घेतली की पहिला फोन मला येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. हौसेनं नव्हे, गरजेनं. माझी मोठी बहीण, आपा, आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिसला जाते. घरापासून डांबरी सडकेपर्यंत चार किलोमीटर लाल मातीची वाट. पुढं चोवीस किलोमीटर डांबर, आणि त्यातच परशुराम घाट. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये त्या मातीच्या वाटेवर साध्या गाडीचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. डायलिसिसची वेळ चुकली की आपाच्या पायांवर सूज येते, धाप लागते. म्हणून ही गाडी.

भाचा म्हणाला, "मामू, आता बटन टायर टाकून घेतो. म्हणजे चिखलाची चिंताच नको."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बटन टायर म्हणजे कंपन्या ज्याला मड टेरेन, एम.टी. म्हणतात तो. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि दूर दूर असतात. चाक फिरलं की मधल्या रुंद फटींतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हा मातीत रुततात. साध्या टायरच्या अरुंद खाचा चिखलानं भरतात आणि तो दहा फुटांतच गोट्यासारखा होतो. घाटमाथ्यावरच्या काळ्या चिकणमातीत हा फरक अधिकच जाणवतो, कारण ती माती एकदा चिकटली की सुटत नाही.

पण तोच टायर ओल्या डांबरावर आला की हिशेब उलटतो. डांबरात रुतायला काही नसतं. तिथं पकड येते ती रबर रस्त्याला किती टेकलंय आणि खालचं पाणी किती लवकर बाजूला सरतंय यावर. बटन टायरचं निम्मं अंग फटींतच गेलेलं, त्यामुळं टेकणारं रबर कमी. दगडावर फाटू नये म्हणून बऱ्याचदा ते रबर कडकही असतं. ठोकळ्यांवर पाणी कापणाऱ्या बारीक चिरा कमी. परिणामी ओल्या सडकेवर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणावर लवकर सरकते. शिवाय सततची घरघर, डिझेल जास्त आणि डांबरावर झीजही लवकर.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की गाडी सर्व बाबतींत सुरक्षित झाली, असं पुष्कळांना वाटतं. तो जोर गाडीला पुढं नेतो, चढवतो, चिखलातून काढतो. तो गाडीला थांबवत नाही. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. उतारावर, पावसात, समोर अचानक काही आलं तर फोर-व्हीलचा दांडा कामी येत नाही, टायरच कामी येतो.

मी भाच्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. अठ्ठावीस किलोमीटरमधले चार किलोमीटर माती, म्हणजे सातातला एक भाग. त्या एका भागात वेग दहा-पंधराचा. तिथं टायर कमी पडला तर गाडी अडकेल, उशीर होईल, चार माणसं लागतील. उरलेल्या सहा भागांत वेग पन्नास-साठचा, समोरून ट्रक, घाटाचा उतार. तिथं टायर कमी पडला तर काय होईल ते मी बोललो नाही. पलीकडे आपा चहा घेत बसली होती.

मग उरले दोन प्रकार. एच.टी., म्हणजे हायवे टेरेन, हा मूळचा सडकेचा टायर. शांत, ओल्या डांबरावर चांगला. ज्याचं घर डांबरालगत आहे आणि वर्षातून दोनदाच शेतावर गाडी न्यायची आहे, त्यानं निमूटपणे हाच घ्यावा. दुसरा ए.टी., म्हणजे ऑल टेरेन. नाव 'सर्व' असलं तरी तो तडजोडीचा टायर आहे. ठोकळे मध्यम, फटी मध्यम, बारीक चिरा भरपूर. चिखलात एम.टी.च्या मागं, डांबरावर एच.टी.च्या किंचित मागं. रोज दोन्ही रस्ते तुडवणाऱ्याला मात्र हाच परवडतो. ए.टी.तही फरक असतात. काहींची नक्षी सडकेकडे झुकलेली, काहींची चिखलाकडे. आमच्यासारख्या घाटातल्या माणसानं सडकेकडे झुकलेला बघावा.

भाच्याची दुसरी हौस मोठ्या टायरची होती. मूळ माप २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या पंचाहत्तर टक्के बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्याला हवा होता २३५/७५. आम्ही गणित केलं. चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ झाला. पण गाडी वर उचलली जाते ती व्यासाच्या निम्म्यानं, म्हणजे पंधरा मिलिमीटर. दीड सेंटिमीटर उंचीसाठी टायर जड होणार, इंजिन आणि ब्रेकवर ताण येणार, वळणावर टायर पत्र्याला घासण्याची शक्यता, आणि मीटरवर साठ दिसेल तेव्हा गाडी साडेबासष्टनं धावत असणार. शिवाय कायद्याचा प्रश्न आहेच. नोंदणीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आधारे सांगितलं आहे. अपघातानंतर विम्याच्या माणसानं बोट ठेवायला तेवढं पुरतं. अति तिथं माती म्हणतात, ते इथं शब्दशः खरं आहे.

टायर निवडताना त्याच्या अंगावरचं आणखी थोडं वाचावं. मापाच्या पुढं '१०० एस' असं काही लिहिलेलं असतं. १०० हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला आठशे किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा हे आकडे कमी नसावेत. एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होतं, म्हणून स्वस्त मिळतोय एवढ्यावर घेऊ नये. नक्षीच्या तळाशी आडवी उंचवट्याची खूण असते. तिथपर्यंत झिजला की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. कोकणातल्या पावसासाठी मी तर तीन मिलिमीटरलाच बदला म्हणतो.

फोर-व्हीलवाल्यांनी एक पथ्य कटाक्षानं पाळावं. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले असावेत. स्टेपनीही त्याच मापाची. पुढं-मागं चाकांचा घेर वेगळा असेल आणि फोर-व्हील लावलं, तर तो फरक गिअरच्या पेटीला सोसावा लागतो. आठ-दहा हजार किलोमीटरला टायर आलटून पालटून घ्यावेत. आणि हवा दारावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, टायर थंड असताना भरावी. चिखलात हवा कमी केली की पकड वाढते हे खरं, पण त्याच कमी हवेवर घाट उतरणं धोक्याचं. रोज कमी करणं आणि रोज भरणं कुणाच्यानं होत नाही.

भाच्यानं शेवटी मूळ मापाचे ए.टी. टायर घेतले. मोठ्या बटन टायरच्या मानानं जे पैसे वाचले, त्यात थोडी भर घालून त्या मातीच्या वाटेवरच्या तीन वाईट जागी चिऱ्याचे तुकडे आणि खडी टाकून घेतली. शेजारच्या वाडीतले चौघेजण न बोलावता फावडी घेऊन आले. त्यांच्याही दुचाक्या तिथंच घसरत होत्या.

तेव्हापासून दोन पावसाळे गेले. एकदा गाडी मातीत रुतली, ढकलून काढली, आपा अर्धा तास उशिरा पोचली. एकदा घाट उतरताना धो-धो पावसात पुढचा ट्रक एकाएकी थांबला, आणि आमची गाडी सरळ रेषेत, त्याच्या मागं हातभर अंतर राखून थांबली. दुसरे टायर असते तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर भाच्यानं आधी चारही टायर हातानं चाचपून बघितले.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाण्याआधी महिनाभराचे किलोमीटर एका कागदावर मांडा. डांबर किती, माती किती, घाट किती, आणि गाडीत कोण बसणार. टायर कुठला घ्यायचा ते तो कागदच सांगेल.